पत्त्यांची जादू शिकायची आहे: कॅट कुठला, पुस्तक कुठलं, सुरुवात कुठून

खानापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: आठवीतल्या भाचीला पत्त्यांची जादू शिकायची आहे. बेळगावला बाजाराला येणं होतंच, तर गणपत गल्लीत मिळतो तो साधा कॅट चालेल का? की ऑनलाइन परदेशी मागवावा? खेळण्यांच्या दुकानातला 'जादूचा कॅट' कसा? आणि शिकायचं पुस्तकातून की मोबाइलवरून?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. कागदी, पोकर साइजचा, पाठीला पांढरी किनार असलेला कॅट घ्या. एकाच रंगाचे दोन घ्या. पुस्तक एकच घ्या. जादूचा कॅट आत्ता नको. आणि सुरुवात त्या पिसण्यापासून करा, जे आपल्याकडे रमी आणि मेंढीकोट खेळणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आधीच बसलेलं आहे.

साइज दोन असतात. आपल्या गल्लीतल्या दुकानात बहुतेक वेळा ब्रिज साइज मिळतो, 57 बाय 88 मिलिमीटर. पोकर साइज 63 बाय 88, म्हणजे उंची तीच, रुंदी 6 मिलिमीटर जास्त. एवढ्याशा फरकाने काय होणार, असं वाटेल. पण पुस्तकातली जवळजवळ सगळी पकड आणि व्हिडिओतले हात पोकर साइजवर बसवलेले असतात. अरुंद कॅटवर बोटांच्या मागून पान डोकावतं आणि मुलीला वाटतं आपलंच चुकतंय. आठवीतल्या मुलीच्या हाताला पोकर साइज जमतो. चौथी-पाचवीतलं मूल असतं तर ब्रिज साइजच द्या म्हटलं असतं.

दुसरी गोष्ट कागद. पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते रमीला उत्तम, पाणी सांडलं तरी पुसून घेता येतात. जादूला मात्र ते त्रास देतात. फार घसरतात, करंगळीने दोन गठ्ठ्यांमध्ये ठेवलेली फट टिकत नाही, आणि दोन पानं एक म्हणून उचलायला गेलं की सुटी होतात. गुळगुळीत चकचकीत कागदी पत्त्यांचं उलटं होतं: कोरड्या हवेत ठीक, घामाच्या हाताने चार दिवस वापरले की एकमेकांना चिकटून गठ्ठे पडतात. चांगल्या कागदी पत्त्याच्या पृष्ठभागावर बारीक खळगे दाबलेले असतात. त्यात हवा राहते, म्हणून पानं एकावर एक सारखी सरकतात. पान उजेडाकडे तिरपं धरलं तर हे खळगे दिसतात. दुकानदाराकडे उघडा नमुना असेल तर तो हातात घेऊन पंख्यासारखा पसरून बघा. पानं सारख्या अंतराने उलगडली तर कॅट घ्यावा. तीन-चार पानांचे झुपके आले तर परत ठेवावा.

पांढरी किनार का? कॅटच्या मधोमध एखादं पान उलटं, म्हणजे आकड्याची बाजू वर करून ठेवलं, तर किनारीमुळे ते पसरताना लगेच दिसत नाही. पाठीची नक्षी काठापर्यंत गेलेली असेल तर उलट्या पानाची पांढरी कड लांबूनही चमकते. किनार चारही बाजूंना सारख्या रुंदीची आहे ना, तेही बघा. स्वस्त कॅटात कापताना ती एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक होते आणि पान फिरलं की फरक कळतो. पाठीवर मंदिर, मोर किंवा जाहिरात असं एकाच दिशेचं चित्र असेल तर तो कॅट रोजच्या सरावाला नको. (असा कॅट जुना पडला की फेकू मात्र नका. सगळी चित्रं एका दिशेला लावा, निवडलेलं पान परत घेताना कॅट गुपचूप अर्धा फिरवा, आणि ते पान पाठीवरूनच ओळखता येतं.)

या सगळ्या कसोट्यांना उतरणारा आणि सहज मिळणारा कॅट म्हणजे अमेरिकन बायसिकल, रायडर बॅक नक्षीचा. हे नाव 1885 पासून चालत आलंय आणि शिकवणारे बहुतेक लोक हाच वापरतात. एका कॅटात 52 पानं, दोन जोकर आणि दोन जादा पानं येतात. इथल्या साध्या कॅटाच्या कित्येक पट किंमत पडते, म्हणून दोनाच्या वर घेऊ नका. दोन्ही लाल किंवा दोन्ही निळे घ्या. एक पान फाटलं किंवा हरवलं तर दुसऱ्यातून भरता येतं, आणि पुढे एकाच पानाची जोडी लागणारे खेळ करता येतात. लाल-निळ्याची गरज बरीच नंतर येते. झगझगीत सोनेरी, काळे, रंगीत कॅट मोबाइलवर छान दिसतात, पण बघणाऱ्याला पहिली शंका पत्त्यांचीच येते. त्याने घरी खेळलेल्या पत्त्यांसारखा दिसणारा कॅट सगळ्यात चांगला. तरी घरातला रमीचा कॅट घेऊ नका. कोपरे मऊ झालेले असतात, चिवड्याचं तेल लागलेलं असतं, आणि पानं 52 भरतीलच याची खात्री नसते.

सावंतवाडीची गंजिफा घेऊ का, असंही अनेक जण विचारतात, कारण आंबोली उतरलं की सावंतवाडीच. दशावतारी गंजिफ्यात 120 गोल पानं असतात, हाताने रंगवलेली. घरात ठेवायला अप्रतिम, पण पुस्तकातल्या एकाही पकडीला उपयोगाची नाही. गोल पानाला ना कोपरा, ना लांब कड.

आता पावसाचं. तुम्ही खानापूरचे, म्हणजे जून ते सप्टेंबर हा कॅटाचा खरा शत्रू. कागद ओल ओढतो, पानं कमानीसारखी वाकतात आणि जड होतात. सराव संपला की कॅट खोक्यात घालून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. नव्या चपलांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या मिळतात, त्यातल्या दोन डब्यात टाका. वाकलेला कॅट उलट्या बाजूने हलकेच वाकवून सरळ करावा आणि रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवावा. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवायला ठेवू नका, दुसऱ्या बाजूने वाकतो. आणि कॅरमची पावडर अजिबात लावू नका. हे आपल्याकडे हमखास होतं. पहिली दहा मिनिटं पानं छान सरकतात, मग पावडर ओल धरून त्या खळग्यांत बसते आणि कॅट कायमचा जातो. हात साबणाने धुऊन कोरडे करणं एवढंच पुरे. केसांना तेल लावल्या हाताने सराव नको.

फरशीवर किंवा काचेच्या टेबलावर पानं उचलता येत नाहीत, नखं घासतात. संगणकाचा मोठा माउसपॅड किंवा बनातीचा जाडसर तुकडा अंथरा.

खेळण्यांच्या दुकानात किंवा जत्रेतल्या स्टॉलवर 'जादूचा कॅट' म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा स्वेंगाली प्रकारचा असतो. त्यात 26 पानं एकसारखी आणि किंचित आखूड, बाकीची 26 वेगवेगळी, एकाआड एक लावलेली. अंगठ्याने एका टोकाने फरफर सोडला की फक्त वेगळी पानं दिसतात, आणि 'थांब' म्हटलं की नेमकं आखूड पान हाती येतं. पहिल्या दिवशी मजा येते. पण हा कॅट कुणाच्या हाती देता येत नाही, आणि आपल्याकडच्या भावंडांची पहिली मागणी 'दे बघू इकडं' हीच असते. हात काहीच शिकत नाहीत, गुपित मात्र घरभर होतं. वर्षभराने, साध्या कॅटावर पाच-सहा खेळ बसल्यावर घ्या. तेव्हा तो खरा कामाला येतो.

पुस्तकांत तीन नावं पुन्हा पुन्हा ऐकाल. ह्यूगार्ड आणि ब्राऊ यांचं 'रॉयल रोड टू कार्ड मॅजिक', 1948 सालचं. प्रत्येक प्रकरणात एक तंत्र आणि शेवटी त्याच तंत्रावर चालणारे खेळ, त्यामुळे शिकलेलं लगेच वापरता येतं. माझं मत यालाच. दुसरं कार्ल फुल्व्ह्सचं 'सेल्फ-वर्किंग कार्ड ट्रिक्स'. यात हातचलाखी जवळजवळ नाही, 72 खेळ पायऱ्या पाळल्या की आपोआप जमतात. भाचीला लवकर काहीतरी दाखवायचं असेल तर हे. स्विस जादूगार रोबेर्तो जोब्बी यांचं 'कार्ड कॉलेज' पाच खंडांचं आहे. फार बारकाईने शिकवतं, पण महाग, आणि आत्ता पहिल्या खंडाच्या पुढे काही लागत नाही. 1902 सालचं एर्डनेसचं 'द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल' इंटरनेटवर फुकट मिळतं म्हणून बरेच जण तिथून सुरू करतात. पूर्वार्ध जुगारातल्या लबाडीचा, भाषा जुनी आणि घट्ट. नवशिक्याने लांब राहावं.

पुस्तकं इंग्रजी आहेत, याची भीती नको. वाचायची पद्धत बदला. कॅट हातात घेऊन एक वाक्य वाचायचं, तेवढंच करायचं, मग पुढचं वाक्य. डावा हात, उजवा हात, कुठलं बोट, हे वहीत मराठीत लिहून घ्यायचं. एक पान वाचायला अर्धा तास लागला तरी हरकत नाही, पुस्तक असंच वाचायचं असतं.

व्हिडिओ निवडताना एक गोष्ट बघा: शिकवणारा स्वतःच्या बाजूनेही हात दाखवतो का? फक्त समोरून चित्रीकरण असेल तर डावं-उजवं उलटं दिसतं आणि मूल उलटं शिकतं. आधी पकड, मग हालचाल, शेवटी सलग न कापलेला खेळ, असा क्रम असेल तर माणूस शिकवतोय. अर्ध्या मिनिटात 'गुपित उघड' करणारे तुकडे बघून काहीच येत नाही, कारण त्यात पान कसं धरायचं हेच नसतं. वेग निम्मा करून बघा. आरशासमोर सराव केला तर नेमक्या क्षणी आपले डोळे मिटतात किंवा नजर हातावर जाते. त्यापेक्षा मोबाइल पुस्तकाला टेकवून ठेवा, चित्रीकरण करा आणि नंतर बघा.

आता पिसणं. इंग्रजी पुस्तकांत ज्याला हिंदू शफल म्हणतात ते म्हणजे आपलं घरचंच पिसणं. उजव्या हाताने कॅट वरून, अंगाकडच्या टोकाजवळ धरायचा: अंगठा डाव्या लांब कडेला, मधलं बोट उजव्या. डावा तळहात खाली, उताणा. डाव्या हाताच्या बोटांनी वरची चार-पाच पानं पुढच्या टोकाकडून पकडायची आणि उजवा हात बाकीचा कॅट अंगाकडे ओढून घेतो. सुटलेली पानं डाव्या तळव्यात पडतात. पुन्हा तेच, त्यांच्यावर. नीट बघा: पानं जातात ती वरून. उजव्या हातातल्या गठ्ठ्याचं सगळ्यात खालचं पान शेवटपर्यंत जागेवरच असतं. या एका गोष्टीवर दोन खेळ उभे राहतात.

पहिला. पत्ते गोळा करून लांब कडेवर टेबलावर ठोकून सारखे करताना सगळ्यात खालचं पान बघून घ्या, समजा इस्पिकचा सत्ता. समोरच्याला एक पान काढून बघायला सांगा. पिसायला लागा, दोन-चार ओढी झाल्या की थांबा आणि त्याचं पान डाव्या हातातल्या गठ्ठ्यावर ठेवायला सांगा. उजव्या हातातला गठ्ठा वर टाका. सत्ता बरोबर त्याच्या पानाच्या वर बसला. आता त्याला हवं तितक्यांदा काटू द्या, पण प्रत्येक वेळी काट पूर्ण हवी, खालचा भाग वर जायलाच हवा. मग वरून एकेक पान उघडत जा. सत्ता आल्यावर लगेच येणारं पान त्याचं. फसतं ते दोन ठिकाणी. काट नेमकी त्या दोन पानांमध्ये पडली तर सत्ता सगळ्यात शेवटी येतो आणि त्याचं पान सगळ्यात पहिलं असतं, म्हणून पहिलं उघडलेलं पान नेहमी लक्षात ठेवायचं. आणि कुणी कॅट मागून पिसला तर जोडी तुटते. 'काट' म्हणा, 'पिस' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका.

दुसरा खेळ म्हणजे ठरलेलं पान त्याच्या गळ्यात मारणं. खालचं पान माहीत आहे. पिसत राहा, त्याला 'थांब' म्हणायला सांगा, आणि थांबताच उजवा हात तिरका करून खालचं पान त्याला दाखवा, स्वतः मान फिरवून. कुठेही थांबवलं तरी तेच पान. इथली चूक एकच: एका ओढीत दहा-बारा पानं घेतली की चार ओढींत कॅट संपतो आणि 'थांब' यायच्या आत हात रिकामा. चार-पाचच पानं घ्या, म्हणजे दहाएक ओढी मिळतात. उजव्या हाताची पकड फार घट्ट असेल तर खालचं पान वाकून पुढे येतं, तीही सैल ठेवा.

या दोन्हींना पंधरा मिनिटं रोज, दोन-तीन आठवडे द्या. त्यानंतर पुस्तकातलं पहिलं प्रकरण, तिथलं आडवं पिसणं, आणि मग करंगळीची फट. दोन पानं एक म्हणून उचलायची घाई सगळ्यांनाच असते. ती फट न बघता धरता येईपर्यंत थांबवा, नाहीतर वरच्या पानाचा कोपरा नखाने खरवडायची सवय लागते आणि ती सुटता सुटत नाही.

घरी दाखवताना 'परत दाखव' हे येणारच, तेही लगेच. तोच खेळ लागोपाठ दाखवला की दुसऱ्या वेळी सगळे खालच्या पानावर डोळा ठेवतात. म्हणून आधी पान ठेवून घ्यायचा खेळ, आणि 'परत' म्हटलं की थांबवून पान दाखवायचा. पिसणं तेच दिसतं, चाल वेगळी असते.