शियाची रोपं घेऊ का?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात माझी दोन एकर हलकी जमीन पडून आहे. मुलगी म्हणते शिया बटर, म्हणजे आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांचं तूप, फार महाग विकतं, आणि एक नर्सरीवाला रोपं देतो म्हणतोय, पाच वर्षांत उत्पन्न सुरू. घेऊ का? आणि तिकडचे लोक या झाडाचं करतात तरी काय?

उत्तर : भाऊ, अजून पैसे दिले नसतील तर थांबा. बियांपासून वाढवलेलं शियाचं झाड पहिलं फळ धरायलाच साधारण १५-२० वर्षं घेतं, आणि भरात येतं चाळिशी-पन्नाशीत. कलम केलं तर लवकर फळतं, त्यावर आफ्रिकेत काम चालू आहे, पण तुम्हाला मिळणारं रोप कलमाचं आहे की बियाचं ते आधी विचारा.

हे झाड सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यातलं, आणि तिथेही त्याची रांगेत लागवड सहसा होत नाही. शेत साफ करताना आपोआप उगवलेली झाडं राखायची आणि त्यांच्याखाली ज्वारी, बाजरी, भुईमूग घ्यायचा, अशी ती पद्धत, आपल्याकडे बांधावरचा मोह कोणी तोडत नाही ना, तसंच. फळं पिकतात ती पण नेमकी पावसाळ्याच्या सुरुवातीला, घरातलं धान्य संपत आलेलं असतं तेव्हा, मग गोड गर पोरं खातात आणि बिया बायका वेचून आणतात.

खरी मेहनत पुढेच आहे. बिया उकळायच्या, उन्हात वाळवायच्या, फोडायच्या, आतला मगज भाजून दळायचा, मग त्यात पाणी घालून हाताने इतकं फेटायचं की पांढरट फेस वर येतो, तो धुऊन कढवला की तूप सुटतं. मगजात निम्म्याच्या आसपास तेल असतं पण हातांनी सगळं निघत नाही. हेच तूप स्वयंपाकात, दिव्यात, साबणात, बाळाच्या मालिशला. मुंगो पार्क नावाचा स्कॉटिश प्रवासी १७९६ मध्ये नायजर नदीकाठी गेला होता, त्याने लिहून ठेवलंय की हे तूप मिठाशिवाय वर्षभर टिकतं आणि गाईच्या लोण्यापेक्षा चवीला सरस लागलं. बुर्किना फासोत तर या झाडावरच्या अळ्याही आवडीने खातात.

आता बराच माल चॉकलेटमध्ये जातो. युरोपियन युनियनमध्ये चॉकलेटात कोको बटरच्या जोडीला ५ टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतींची चरबी चालते त्यात शिया आहे, आणि आपलं कोकमही आहे, म्हणजे कोकणातलं भिरंडेल! पण कच्च्या बिया विकून त्या बायकांच्या हातात फार थोडं उरतं, मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. नायजेरियाने ऑगस्ट २०२५ मध्ये कच्च्या बियांची निर्यात सहा महिने बंद केली ती प्रक्रिया देशातच व्हावी म्हणून, आणि मला तो निर्णय पटतो. तिकडे कोळशासाठी तोड आणि बांडगूळ, दोन्हींनी झाडं कमी होतायत, म्हणून लागवड वाढायला पाहिजे ती तिथेच.

तुमच्या जमिनीत मोह लावा. शिया, मोह आणि चिकू एकाच कुळातले, मोहाच्या बियांचं तेलही निघतं आणि फुलं वेगळी मिळतात. वाट मोहालाही पाहावी लागते, पण माती आणि हवा त्याच्या ओळखीची आहे. फक्त बी ताजं हवं, शियासारखंच मोहाचं बी ठेवलं की उगवण झपाट्याने घटते. जून-जुलैत फळ पडलं की वरचा गर काढून बी लगेच पिशवीत पेरा, आणि पिशवी खोल घ्या कारण सोटमूळ लांब जातं.