वाचक विचारतात : मोठी शिक्षा भोगून माणूस घरी येतो तेव्हा

प्रश्न : माझा थोरला भाऊ २००८ साली आत गेला. जन्मठेप होती. पुढच्या महिन्यात तो येरवड्याहून सुटतोय. त्याच्याकडे आधार नाही, रेशनकार्डावरचं नावही कमी झालंय. आधीपासून काय तयारी करावी? (सातारा जिल्हा)

हाताशी असलेला महिना आधारसाठी वापरा. १८ वर्षांवरच्या माणसाची पहिली आधार नोंदणी सरकारी पडताळणीला जाते आणि तिला १८० दिवसांपर्यंत लागू शकतात. बाहेर आल्यावर सुरुवात केलीत, तर सिमकार्ड, बँक, रेशन सगळं तेवढा काळ लटकतं. तुरुंगाधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याचा, कैद्याच्या प्रवेश-नोंदीचा कागद आधारसाठी पुरावा म्हणून मान्य आहे. भावाने अधीक्षकांना लेखी अर्ज द्यावा, आणि तुम्ही मुलाखतीला (तुरुंगातल्या भेटीला) जाल तेव्हा तो पुढे गेला का, ते विचारा.

त्याच मुलाखतीत नावाची खात्री करून घ्या. पोलिसांनी जसं लिहिलं तसंच नाव वॉरंटवर येतं आणि तेच तुरुंगाच्या नोंदीत चढतं. शाळेच्या दाखल्यावर ‘ज्ञानेश्वर’ आणि तुरुंगात ‘ज्ञानदेव’ असेल, तर पुढे प्रत्येक खिडकीवर तीच अडचण येते. शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच शोधून ठेवा.

सुटण्याच्या दिवशी गेटवरून रिकाम्या हाताने निघू नका. सुटकेचा दाखला, खात्यावर उरलेली मजुरी आणि मनीऑर्डरची रक्कम, दाखल होताना जमा केलेलं सामान, आत शिकलेल्या कामाचं प्रमाणपत्र आणि दवाखान्याचे कागद मागून घ्या. मधुमेह, रक्तदाब किंवा क्षयाचं औषध चालू असेल तर काही दिवसांच्या गोळ्या सोबत मागा. बाहेरच्या सरकारी दवाखान्यात नाव लागेपर्यंत मध्ये खंड पडतो, आणि क्षयाच्या बाबतीत तो खंड फार महागात पडतो. सुटकेच्या दाखल्याच्या दहा प्रती काढा. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नका.

आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. जन्मठेप म्हणजे कायद्याने जन्मभराची शिक्षा. चौदा वर्षांनंतर सरकार उरलेली शिक्षा माफ करून सोडतं, तेव्हा त्या आदेशात अटी असू शकतात आणि अट मोडली तर माफी रद्द होऊन माणूस परत आत जाऊ शकतो. आदेशाची प्रत घ्या आणि प्रत्येक अट मोठ्याने वाचून काढा. ठाण्यात हजेरीची अट असेल तर तारखा कॅलेंडरवर लिहा.

रेशनचं काम सोपं आहे. नाव वाढवण्यासाठी नमुना ८ भरून तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या. आधार मात्र लागेलच.

प्रश्न : मी आत असताना वडील वारले. सातबाऱ्यावर फक्त दोघा भावांची नावं लागली आहेत. माझा हक्क गेला का? (बीड जिल्हा)

फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याच्या नोंदीने, हक्क जात नाही. सातबारा ही महसुली नोंद आहे. तिने मालकी मिळत नाही आणि संपतही नाही. तुमचा हिस्सा तुमच्या सहीच्या, नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्राने भावांकडे जाऊ शकतो. म्हणून पहिलं काम आठवण्याचं आहे : पॅरोलवर किंवा फर्लोवर (शिक्षेतल्या रजेवर) घरी आला होतात तेव्हा कुठल्या कागदावर सही केली होती का? कुणी ‘बँकेचं काम आहे’ म्हणून अंगठा घेतला होता का?

दुसरं काम तलाठ्याकडे. (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) वारस नोंदीच्या फेरफाराची नक्कल काढा. वारस म्हणून कोणाची नावं सांगितली आणि नोटिसा कुणाला गेल्या, ते त्यात दिसेल. त्याविरुद्ध प्रांताकडे अपील होतं. मुदत ६० दिवसांची आहे आणि ती कधीच उलटली असणार, म्हणून अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडा. तुम्ही कुठे होतात हे सांगणारा सुटकेचा दाखला हाच उशिराचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

भाऊ ऐकत नसतील तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा करता येतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला डावललंय हे कळल्यापासून १२ वर्षांची मुदत आहे, त्यामुळे तुम्हाला हे कधी आणि कसं कळलं ते आजच लिहून ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. तोवर ‘तात्पुरतं’ म्हणून पुढे केलेल्या कशावरही सही नको.

एकच मोठा अपवाद. ज्याच्या खुनाबद्दल शिक्षा झाली, त्याच माणसाची मालमत्ता खुन्याला वारसाहक्काने मिळत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २५ तसं सांगतं. तुमचं प्रकरण तसं नाही असं पत्रावरून दिसतं.

प्रश्न : माझं देना बँकेत खातं होतं, आता ती शाखाच नाही. आणि घरच्या ट्रंकेत जुन्या पाचशेच्या चौदा नोटा सापडल्या. (नाशिक)

देना बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. जुनं पासबुक घेऊन तिथे जा. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण बुडत नाही. केवायसी करून बँकेकडेच मागायची; बचत खात्यावर व्याजही धरलं जातं आणि खातं पुन्हा चालू करायला शुल्क नाही. पासबुक हरवलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नावाने शोधता येतं. पतसंस्थेतल्या ठेवी तिथे दिसत नाहीत, त्यासाठी संस्थेतच जावं लागेल.

नोटांचं वाईट वाटेल, पण ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर त्या आता कुठेही बदलून मिळत नाहीत. २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा जास्त जुन्या नोटा बाळगणं हाच गुन्हा आहे. कमिशन घेऊन बदलून देतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. नव्या गुन्ह्यात अडकणं तुम्हाला सगळ्यात महाग पडेल.

प्रश्न : माझे वडील पंधरा वर्षांनी घरी आलेत. दार लोटलेलं असलं तरी उघडत नाहीत, कुणी उघडेल म्हणून उभे राहतात. पहाटे उठून अंथरूण घडी करून बसतात. रात्री झोप नाही. (नागपूर)

आत इतकी वर्षं त्यांनी एकही दार स्वतः उघडलेलं नाही. बराक बंद करण्याची वेळ, गिनतीची वेळ, जेवणाची वेळ दुसऱ्याने ठरवलेली होती. बराकीत रात्रभर दिवा असतो, शेजारी माणसं असतात. एकट्या अंधाऱ्या खोलीत झोप येणं अवघड. एक छोटा दिवा चालू ठेवा, दार उघडं ठेवा. त्यांच्यासाठी धावत जाऊन दार उघडू नका, पण टोकूही नका. ‘बाबा, दार ओढून घ्या ना’ असं साधं काम सांगा.

घरचे लोक मायेने सगळंच हातात घेतात : कपडे कोणते, भाजी कोणती, कुणाला भेटायचं. आम्हाला यात सगळ्यात मोठी चूक दिसते. रोज एक छोटा निर्णय त्यांच्यावर सोडा. दोनशे रुपये रोख देऊन भाजी आणायला सांगा. ते रस्ता ओलांडायला बिचकतील, म्हणून पहिल्यांदा दुपारच्या कमी गर्दीत सोबत जा. मोबाइलवरचं पैसे देणं महिन्याभराने शिकवा. पहिल्या आठवड्यात पाहुण्यांची रांग लावू नका.

दोन धोके मात्र तातडीचे आहेत. पूर्वी दारू किंवा नशा असेल, तर शरीराची सवय मोडलेली असते. जुन्या मापाने घेतलेली नशा जीव घेऊ शकते. दुसरा धोका फोनचा. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणाला, की वर्दीपुढे मान खाली घालण्याची सवय असलेला माणूस सांगेल तिथे पैसे भरतो. अशी अटक कायद्यात नाही. फोन कापायचा, घरच्यांना सांगायचं, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचं. ही तीन कामं कागदावर लिहून फोनच्या मागे चिकटवा.

महिनाभरानंतरही झोप बसली नाही, जेवण कमी झालं किंवा ‘आतच बरं होतं’, ‘जगून काय’ असं बोलू लागले, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : नोकरीच्या अर्जात शिक्षा लपवली तर चालेल का? (ठाणे)

नाही. पडताळणीच्या फॉर्मवर विचारलं असेल तर खरं लिहा. माहिती लपवणं हेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात स्पष्ट केलंय. फॉर्ममध्ये विचारलंच नसेल तर आपणहून सांगण्याची सक्ती नाही. आत सुतारकाम, शिवण किंवा बेकरी शिकला असाल तर प्रमाणपत्र घेऊन जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसरना) भेटा. त्यांचं कार्यालय महिला व बालविकास विभागाखाली येतं आणि सुटलेल्या बंद्यांना स्वतःचा धंदा सुरू करायला मदत तिथून मिळते. मुंबई-ठाण्यात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाकडेही जाता येईल. तो १९९० पासून याच कामात आहे.

प्रश्न : मला आता मत देता येतं का? (कोल्हापूर)

येतं. मतदानाची बंदी फक्त आत असेपर्यंत असते. यादीत नाव नसेल तर नमुना ६ भरा. विधानसभेची किंवा लोकसभेची निवडणूक लढवायला मात्र, शिक्षा दोन वर्षं किंवा त्याहून जास्त असेल तर, सुटकेनंतर सहा वर्षं थांबावं लागतं.