फुकटातली होडी, आता पुढं काय?

प्रश्न: पाव्हण्यांकडनं जुनी फायबरची होडी मिळालीय, दहा-बारा फुटी. तळाला दोन चिरा आहेत, बसायची फळी कुजलीय. सुट्टीदिवशी भोगावतीवर गळ टाकायला न्यायचीय पण खिसा रिकामा. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: भावा, आधी रंगाचा डबा आणू नको, सगळे तिथंच चुकतात. होडी उलटी करून चार-पाच दिवस उन्हात कडक वाळू दे, ओल राहिली की रेझिन (फायबरला धरणारं, नंतर घट्ट होणारं चिकट रसायन) धरतच नाही. मग चिरेच्या दोन्ही बाजूला दोन-तीन इंच 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायचं, धूळ पुसायची आणि फायबर मॅटचे (काचेच्या तंतूंच्या कापडाचे) तुकडे रेझिनमध्ये भिजवून थरावर थर लावायचे, बुडबुडे ब्रशनं दाबून काढायचे. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं औषध) रेझिनच्या साधारण 1 ते 2 टक्केच, जास्त झालं तर डब्यातच तापून दगड होतंय. एक्सिलरेटर (घट्ट व्हायचा वेग वाढवणारं औषध) वेगळा दिला असेल तर तो आणि हार्डनर थेट एकत्र कधीच ओतू नको, भडका उडतो, आधी एक रेझिनमध्ये नीट ढवळायचा मगच दुसरा. काम उघड्यावर कर, वास लई उग्र.

फळीला मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड), कडा रेझिननं बंद. वल्ही घरीच कर, पैसे तिथं वाचव, लाईफ जॅकेटात नको. आपल्याकडं गुळाच्या काहिलीतनं (रस उकळायच्या मोठ्या कढईतनं) नदी पार करणारे आहेत म्हणा, पण ते पट्टीचे पोहणारे. पहिल्यांदा काठालगत गुडघाभर पाण्यात होडीत अर्धा तास बसून बघ, पाणी आत येतंय का. आणि हो, धरणात मासेमारीचा ठेका बहुतेक मच्छीमार सोसायटीकडं असतो, विचारूनच गळ टाक.