पीपीई किट घालूनही सिस्टर-डॉक्टरांना कोविड कसा काय व्हायचा?

तुमचा प्रश्न आहे की डोक्यापासून पायापर्यंत किट घालूनही हॉस्पिटलचा स्टाफ पॉझिटिव्ह यायचा, मग त्या किटचा उपयोग काय होता? मी स्टाफ नर्स आहे, २०२० ची आणि २०२१ ची अशा दोन्ही लाटांत कोविड आयसीयूत ड्यूटी केलीय, त्यामुळे जे बघितलं तेच सांगते.

किटचा उपयोग होता, नक्कीच होता. पण माझं स्पष्ट मत आहे की धोका किट घालून पेशंटजवळ उभं असताना जेवढा असतो त्यापेक्षा किट काढताना आणि काढून झाल्यावर जास्त असतो. सहा तास आत असायचो, पाणी नाही, बाथरूम नाही, गॉगलवर वाफ धरलेली, दोन-दोन ग्लोव्हज घालून त्यातून शीर शोधायची, घामाने अंग भिजलेलं. ड्यूटी संपल्यावर माणसाला कधी एकदा हे सगळं अंगावरून ओरबाडून काढतोय असं होतं, आणि नेमकं तिथेच घाई करून चालत नाही कारण किटच्या बाहेरच्या बाजूला सगळं लागलेलं असतं.

आमच्याकडे डॉफिंग रूममध्ये, म्हणजे किट काढायच्या खोलीत, मोठा आरसा होता, भिंतीवर चार्ट, खाली पायाने उघडायची पिवळी बकेट, आणि दारात एक सिस्टर फक्त बघायला उभी. ती एकेक स्टेप मोठ्याने सांगायची, हात चोळा, आता वरचे ग्लोव्हज, हात चोळा, आता चेन, बाहेरून हात लावू नका, आतली बाजू बाहेर करत गुंडाळत खाली न्या, परत हात चोळा. मग गॉगल मागच्या पट्टीने काढायचा, आणि एन९५ सगळ्यात शेवटी, तोही दुसऱ्या खोलीत जाऊन, पट्ट्या धरून, पुढे अजिबात स्पर्श न करता. प्रत्येक वेळी रब म्हणजे हाताचं सॅनिटायझर घेऊन २०-३० सेकंद हात चोळायचे, अंगठा आणि बोटांची टोकं धरून, कारण तीच राहतात. ती दारातली सिस्टर नसती तर आमच्यातले निम्मे तरी कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेणारच होते.

दुसरी जागा म्हणजे चहाची खोली. वॉर्डात सगळे सांभाळून वागायचे, आणि बाहेर आले की छोट्याशा बंद खोलीत चार-पाच जण मास्क काढून डबा खायला बसायचे, बोलायचे, खूप दिवसांनी कुणाचा तरी चेहरा दिसायचा ना. त्यात एकाला लक्षणं नसताना लागण झालेली असली की संपलं. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत काही खाजगी हॉस्पिटलं स्टाफच पॉझिटिव्ह आल्यामुळे सील करावी लागली होती, तेव्हापासून मी जेवणाच्या वेळा वेगळ्या करा आणि खिडकी उघडी ठेवा हे सगळ्यांच्या मागे लागून सांगायचे.

अजून एक गोष्ट जी मला आजही खटकते. ट्रेनिंग आधी डॉक्टरांना, मग आम्हाला, आणि वॉर्डबॉय, मावशी, सफाईवाले यांना सगळ्यात शेवटी, तेही घाईघाईत. आणि बेडपॅन कोण उचलतं, चादरी कोण गोळा करतं, पिवळ्या पिशव्या बांधून कोण नेतं? तीच माणसं. कोविडचा कचरा डबल पिशवीत भरून वरती लेबल लावायचं असा नियम होता, पण पिशवी दाबून हवा काढली की ती हवा तोंडावर येते हे त्यांना कुणीतरी नीट बसवून सांगायला हवं ना. हायपो म्हणजे जंतू मारायचं सोडियम हायपोक्लोराइट, त्याचंही तसंच, ५ टक्क्याच्या बाटलीतलं १ भाग आणि पाणी ४ भाग घेतलं की १ टक्का होतं, ते रोज ताजं करायचं आणि फिनाइल-ॲसिडमध्ये चुकूनही मिसळायचं नाही, विषारी गॅस होतो. आमच्या एका मावशींना हे एकदा करून दाखवलं तर त्यांनी बाकीच्या सगळ्यांना शिकवलं, इतक्या व्यवस्थित की इनचार्ज सिस्टरनी नवीन लोकांना त्यांच्याकडेच पाठवायला सुरुवात केली.

त्या काळात माणसांवर हायपो फवारायचे बोगदेही निघाले होते ते पूर्णपणे चुकीचं होतं, आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच तसं करू नका म्हणून सांगितलं होतं. डोळ्यांची-कातडीची आग होते आणि शरीरातला व्हायरस काही त्याने मरत नाही.

शिवाय स्टाफमधल्या सगळ्यांनाच हॉस्पिटलमध्ये लागण झाली असंही समजू नका, लोकल बंद असताना खचाखच बसने येणारे, एका खोलीत सहा जण राहणारे बरेच होते. १६ जानेवारी २०२१ पासून आम्हाला लस मिळायला लागली तेव्हा खरंच छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

आता तुमचं कुणी ॲडमिट असेल तर एवढंच बघा की सिस्टर किंवा डॉक्टर एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात चोळतात का. ग्लोव्हज घातलेत म्हणून निर्धास्त राहू नका, तेच ग्लोव्हज घालून चार बेड फिरले तर इन्फेक्शन चारही बेडवर जातं. नसतील चोळत तर सरळ सांगा, सिस्टर आधी रब घ्या ना. आम्हाला राग येत नाही, आणि कुणाला आलाच तर येऊ द्या.