इमारतीच्या आतला ग्रोमिट दिवसाच्या शेवटी ठेवू नका

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या २०२५ च्या ग्रोमिट ट्रेलबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. (ॲनिमेशनपटांतला वॉलेस आणि त्याचा कुत्रा ग्रोमिट यांचे रंगवलेले पुतळे लहान मुलांच्या हॉस्पिटलच्या मदतीसाठी शहरभर मांडतात आणि लोक नकाशा घेऊन ते शोधत फिरतात, तीच ही ट्रेल.) चार वर्षांच्या लेकीला घेऊन शनिवारी रेडिंगहून ब्रिस्टलला जायचंय, नकाशावरचे सगळे ग्रोमिट एका दिवसात बघायचेत, आणि एका इमारतीच्या आतला पुतळा 'बहुतेक उघडा असेल' असं फोनवर सांगितल्यामुळे तो संध्याकाळसाठी ठेवलाय, असं तुम्ही लिहिलंय. नेमकं हेच आमच्या बाबतीत २०१८ च्या ट्रेलला झालं होतं.

आमची लेक तेव्हा तुमच्या लेकीपेक्षा थोडी लहान. नकाशावरच्या चित्रांतला एकच भूभू तिच्या मनात भरला होता आणि तो होता एका कार्यालयाच्या तळमजल्यावर. मी आदल्या दिवशी तिथे फोन केला. शनिवारी चारपर्यंत उघडं असतं, असं स्वागतकक्षातून सांगितलं. त्या वर्षीचा उन्हाळा आठवत असेल तुम्हाला, रस्ते तापलेले होते. पार्क स्ट्रीटच्या चढावर बाबागाडी ढकलत आम्ही वेळेत पोचलो. दार बंद, आत अंधार. काचेतून ग्रोमिटची पाठ तेवढी दिसत होती. सुरक्षारक्षक बाहेर आला, दारावर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं (सोमवार ते शुक्रवार) आणि आत गेला. लेक काचेला नाक लावून विचारत राहिली, "तो झोपलाय का?" स्टेशनपर्यंत रडली, गाडीत काही खाल्लं नाही.

सोमवारी त्या कार्यालयाला फोन केला. उत्तर मिळालं की आम्ही फक्त जागा दिली आहे, आयोजकांशी बोला. आयोजकांकडच्या स्वयंसेविकेने तिचा काही संबंध नसताना माफी मागितली आणि समजावलं की आतल्या पुतळ्यांच्या वेळा त्या-त्या इमारतीकडूनच त्यांना कळतात. मग कार्यालयाला ईमेल केली. उत्तर आलं तेव्हा ट्रेल संपून पुतळे हलवलेही होते, आणि त्यात एवढंच होतं की वेळा बदलू शकतात. चौथऱ्यावर मात्र प्रायोजक म्हणून त्यांचं नाव ठळक अक्षरांत होतं. लहान मुलांच्या हॉस्पिटलसाठी चाललेल्या कामाला नाव द्यायचं आणि मूल दाराशी आलं की हात झटकायचे, याचा मला अजूनही राग येतो. तिकिटाच्या पैशांचं काही नाही. 'शनिवारी बंद असतं' हे तीन शब्द फोनवर हवे होते.

म्हणून माझं स्पष्ट मत: आतले पुतळे सकाळी सगळ्यात आधी करा आणि त्याच दिवशी सकाळी पुन्हा फोन करा. 'उघडं आहे का' एवढंच विचारू नका. आज, आत्ता, कुठल्या दाराने, बाबागाडीसकट आत येता येईल का, असं विचारा. ठाम उत्तर मिळालं नाही तर तो पुतळा त्या दिवसापुरता सोडून द्या. आणि खात्री होईपर्यंत त्याचं चित्र लेकीला दाखवू नका. निघण्यापूर्वी ट्रेलचं अॅप एकदा उघडून बघा, कारण एखादा पुतळा खराब झाला तर दुरुस्तीला नेतात आणि छापील नकाशाला ते कळत नाही.

सगळेच्या सगळे एका दिवसात बघायचा हट्ट सोडा, हे जरा कडक वाटेल. यंदा, २०२५ मध्ये, वॉलेस, ग्रोमिट, फेदर्स हा पेंग्विन आणि नॉरबॉट हा यंत्रमानव मिळून पन्नासहून अधिक पुतळे आहेत आणि ते शहरभर विखुरलेले आहेत. चार वर्षांच्या मुलीला संख्येशी काही देणंघेणं नसतं. तिला पंजाला मिठी मारायची असते, त्याच्याभोवती दोनदा धावायचं असतं. आकडा आपल्याला पुरा करायचा असतो. (चढू मात्र देऊ नका. फायबरग्लासवरचा रंग खरवडला जातो आणि पुतळे पुढे लिलावात जायचे असतात.)

बंदराकाठचा भाग सपाट आहे, तिथेच राहा. टेम्पल मीड्स स्टेशनवरून क्वीन स्क्वेअर, मग पेरोज ब्रिज ओलांडून मिलेनियम स्क्वेअर. तिथल्या पाण्यात मुलं हमखास भिजतात, म्हणून कपड्यांचा जादा जोड हवाच. शू लागली तर एम शेड जवळ आहे, म्युझियमला प्रवेश फुकट आहे. पाय दुखायला लागले की बंदरातली फेरी बोट घ्या, आमच्या लेकीला पुतळ्यांइतकीच ती आवडली होती. खाऊ म्हणून तूपसाखरेच्या पोळीची सुरळी, रांगेत उभ्या उभ्या खाता येते.

पुतळे नंतर कुठे जातात हे लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर सप्टेंबरमध्ये रिकामी जागा बघून पुन्हा रडणं. २०१३ च्या पहिल्या ट्रेलला ८० ग्रोमिट होते आणि लिलावात २३ लाख पाउंडांच्या आसपास जमले. पैसे ग्रँड अपीलकडे जातात. ही संस्था १९९५ मध्ये सुरू झाली, नव्या बालरुग्णालयासाठी तिने निधी उभा केला आणि २००१ मध्ये ते उघडलं. अतिदक्षता विभागातल्या तान्ह्या बाळांच्या आईवडिलांना हॉस्पिटलजवळ फुकट राहता यावं म्हणून 'कॉट्स फॉर टॉट्स' नावाचं घरही ती चालवते. म्हणून माझा राग त्या एका कार्यालयावर आहे, ट्रेलवर अजिबात नाही. नकाशा विकत घ्या, देणगीच्या डब्यात लेकीच्या हाताने नाणी टाकायला लावा. आम्ही गेलो त्याच वर्षी, २०१८ च्या मार्चमध्ये, मुंबईत असेच रंगवलेले हत्तींचे १०१ पुतळे मांडले होते, माझ्या आईने पाठवलेले त्यांचे फोटो दाखवून मी लेकीला हे सगळं समजावलं होतं.

माझा अनुभव जुना आहे, वेळा आणि जागा यंदाच्याच बघा.

गाडीचं एक: पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पण जागाही मिळत नाही. शनिवारी परतीच्या गाडीत झोपलेलं मूल मांडीवर घेऊन बसावं लागतं. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड (रेल्वेचं सवलतीचं कार्ड) असेल तर तुमच्या तिकिटावर एकतृतीयांश सूट मिळते, मात्र त्यासाठी लेकीचंही तिकीट काढावं लागतं. तरी एकूण हिशोब बहुधा स्वस्तच पडतो आणि तिकीट असल्यामुळे तिच्यासाठी वेगळी जागा राखता येते. आम्ही दुसऱ्या वेळी तसंच केलं.