पलंगाखालचे डबे टाकू नका

प्रश्न : माझ्या मुलीनं यंदा शिवाजी विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एमएस्सी केली. पलंगाखाली किडे टाचलेल्या डब्यांची रास लागलीय. बीएड कर म्हटलं तर ऐकत नाही, कीटकांच्या विविधतेवरच काम करायचं म्हणते. आमची ऊसशेती आहे. या शिक्षणावर तिचं पोट भरेल का?
– एक आई, करवीर तालुका

उत्तर : ताई, आधी एक विनंती, ते डबे टाकू नका. लेकीला फक्त एवढं विचारा, की प्रत्येक किड्याखाली चिठ्ठी आहे का? कुठं सापडला, कोणत्या तारखेला, कुणी पकडला? चिठ्ठी असेल तर तो नमुना पन्नास वर्षांनीही अभ्यासकाच्या कामी येतो. नसेल तर तिनं आजच लिहायला बसावं, आठवणीत आहे तोवर.

आता पोटाचं. कायमची नोकरी लवकर लागत नाही, हे तुमच्यापासून लपवणार नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण (त्यांचं एक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे), बंगळूरमधली कृषी कीटकांवरची राष्ट्रीय संस्था, विद्यापीठं, कॉलेजं, सगळीकडे जागा मोजक्या. पण नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ (संशोधन करणाऱ्यांना मिळणारी शिष्यवृत्ती) मिळाली, तर पीएचडीची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये फेलोशिप असते. तोवर एखाद्या संशोधन प्रकल्पात सहायक म्हणून काम मिळतं का ते बघावं. पगार बेताचा असतो, पण हात तयार होतो. बीएड दोन वर्षांनीही करता येईल.

मला काळजी वेगळीच वाटते. ‘कीटकांची विविधता’ एवढा मोठा विषय घेऊन ती भरकटेल. जगात नावं दिलेले कीटकच दहा लाखांच्या घरात आहेत. तिनं एकच गट धरावा. माझं मत विचाराल तर भुंगेरे, कारण काम तुमच्या वावरातच आहे. उसाची मुळं खाणारी हुमणी म्हणजे भुंगेऱ्याचीच अळी. आपण जिला सरसकट हुमणी म्हणतो, तिच्यात नदीकाठची वेगळी (ल्युकोफोलिस लेपिडोफोरा) आणि माळावरची वेगळी (होलोट्रिकिया सेराटा). मुळाशी सापडलेली अळी उलटी करून तिच्या शेपटाकडच्या टोकाला, पोटाच्या बाजूनं भिंग लावलं, की बारीक काट्यांची नक्षी दिसते. त्या मांडणीवरून अळी कुठल्या गटातली ते जाणकार ओळखतात. असे जाणकार फार थोडे उरलेत, आणि उसाचं आख्खं बेट वाळताना बघणाऱ्या शेतकऱ्याला त्यांची गरज आहे. तुमची मुलगी त्यांतली एक व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी त्या गटाचा अभ्यासक शोधून, आपल्या नमुन्यांचे फोटो जोडून त्यांना पत्र लिहावं. पीएचडीसाठी विद्यापीठाचं नाव नंतर बघावं, आधी मार्गदर्शक कोण ते बघावं. दाजीपूर-राधानगरीच्या अभयारण्यात मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक किडाही पकडू नये. हौसेपोटी मुलं इथंच अडकतात.

महागड्या सूक्ष्मदर्शकाची घाई नको, दहापटीचं भिंग सध्या पुरे. वळीव पडला की संध्याकाळी तिच्या बाबांना तिच्याबरोबर बांधावर पाठवा. भुंगेरे कडुलिंबावर जास्त बसतात की बाभळीवर, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं असेल. ते सांगतील ते तिनं तारखेसकट वहीत उतरवून घ्यावं.