शीड उभारण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ओळखीच्या एकांची १५ मीटर लांबीची, दोन डोलकाठ्यांची स्कूनर (शिडाची बोट) आहे. तिच्यातून आम्ही सहा जण मुंबईहून सेशेल्सला जायचं म्हणतोय. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून होड्या लोटतात. आम्हीही तेव्हाच निघावं का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नको. नारळी पौर्णिमेला किनाऱ्याजवळची मासेमारी सुरू होते हे खरं, पण खुल्या अरबी समुद्रात तेव्हा नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो, आणि सेशेल्स नेमकं नैर्ऋत्येलाच आहे. सगळा प्रवास समोरच्या वाऱ्याशी झगडण्यात जाईल. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळांची भीती. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ धरा. ईशान्येचा वारा तोवर स्थिरावतो. तारीख मात्र पक्की करू नका. रजा आणि परतीच्या तिकिटांच्या घाईत वाईट अंदाजाकडे डोळेझाक करून माणसं निघतात.

अंतर साधारण १,७५० सागरी मैल. ताशी पाच मैल धरले तर दिवसाला १२० होतात, म्हणजे पंधरा दिवस. पण विषुववृत्ताजवळ वारा पडतो, म्हणून शिधापाण्याचा हिशेब २२ दिवसांचा करा.

वारा बरोबर पाठीवर घेऊन थेट नैर्ऋत्येला जायचा मोह होईल, तो टाळा. तसं केलं की मागच्या मोठ्या शिडाच्या आडोशाने पुढचं शीड लुळं पडतं, बोट दोन्ही बाजूंना डुलत राहते आणि मोठ्या शिडाचा आडवा दांडा अवचित एका बाजूवरून दुसरीकडे फिरतो. त्याच्या तडाख्याने माणूस समुद्रात फेकला जाऊ शकतो. सुरुवातीला दक्षिणेकडे चाला, म्हणजे वारा डावीकडून तिरका मागे येईल. शिवाय दांड्याच्या टोकाला एक जाड दोर बांधा आणि पुढे नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, नेऊन आवळून ठेवा.

निघायचं ते सकाळच्या ओहोटीबरोबर. मासेमारीच्या डोल जाळ्यांचे पाण्यात रोवलेले खुंट आणि दिवा नसलेले बोये उजेडातच मागे पडले पाहिजेत. मुंबई हायच्या बाजूच्या तेलविहिरींच्या फलाटांपासून ५०० मीटरच्या आत जाऊ नका.

प्रश्न : वाशीच्या पुलाखालून, ठाणे खाडीतूनच निघता येईल का?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : नाही. एवढ्या स्कूनरची काठी पाण्यापासून सोळा-सतरा मीटर उंच असते; ती पुलाखालून जाणार नाही. खाडी गाळाने उथळही आहे. बोट मुंबई बंदरात न्या. परदेशी जाण्यासाठी कस्टम्स आणि इमिग्रेशनचे शिक्केही तिथेच घ्यावे लागतात.

प्रश्न : एवढ्या लांब प्रवासात सगळ्यात जास्त काय बिघडतं? वादळाची तयारी कशी करावी?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : वादळाच्या आधी दोर आणि शिडं घासून झिजतात त्याचा विचार करा. शीड चढवायचा दोर काठीच्या टोकावरच्या कप्पीतून जातो. शीड आठ-आठ दिवस वरच राहिलं की दोराचा तोच चार बोटांचा भाग कप्पीवर घासत राहतो. दर चार-पाच सेकंदांना एक हेलकावा, म्हणजे दिवसाला जवळजवळ वीस हजार. चांगला नवा दोरही यात जातो, आणि जातो तो बहुधा रात्री. उपाय सोपा आहे : रोज सकाळी तो दोर चार-सहा इंच सैल करा किंवा ओढा, म्हणजे कप्पीवर नवा भाग येतो. दोर घेतानाच दोन मीटर जास्त घ्या. झिजलेलं टोक कापून पुन्हा बांधता येतं.

शीड जिथे काठीच्या आधाराच्या तारांना टेकतं तिथे तारेवर जुन्या दोराचे पीळ उसवून केलेले जाड गुच्छ बांधा आणि शिडावर त्याच जागी दुहेरी ठिगळ मारा. शिवण नखाने खरवडून पाहा. कापड धडधाकट दिसतं, पण उन्हाने दोरा कुजलेला असतो. नखाने तुटला तर प्रवासाला निघण्याआधीच शिवण पुन्हा घाला. जोडकड्यांच्या पिना बारीक तारेने बांधून टाका, नाहीतर हेलकाव्यांनी त्या आपोआप सैल होऊन सुटतात. रोज दुर्बिणीने काठीचं टोक न्याहाळा.

वारा वाढला की आधी मागचं मोठं शीड कमी करा. ते पूर्ण ठेवलं तर बोटीचं तोंड वाऱ्याकडे ओढलं जातं आणि सुकाणू जड होतं. फारच वाढला तर मोठं शीड उतरवा आणि दोन काठ्यांमधल्या आखूड केलेल्या शिडावर बोट वाऱ्याला तिरकी थोपवून धरा. स्कूनरचा हा मोठा गुण आहे.

प्रश्न : सहा जणांना पाणी किती लागेल? स्वयंपाकाचं काय?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : पिण्याला आणि रांधायला माणशी रोज चार लिटर. २२ दिवसांचे ५२८ होतात. त्यावर निम्मं राखीव, म्हणजे ८०० लिटर. सगळं एका टाकीत कधीच नको, कारण एक गळकी झडप पुरेशी असते. दोन वेगळ्या टाक्या आणि वर वीस-वीस लिटरचे पाच कॅन ठेवा. भांडी समुद्राच्या पाण्याने घासा.

कांदे आणि बटाटे वेगवेगळ्या जाळीच्या पिशव्यांत टांगा. पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच रिकामे करा. त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. मोड आलेली मटकी ही शेवटच्या आठवड्यातली ताजी भाजी. रांधायला कुकरच घ्या, त्याचं झाकण हेलकाव्यात उघडत नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने भडका उडतो. म्हणून दर वेळी शेगडीबरोबर सिलिंडरचा कॉकही बंद करा, आणि सिलिंडर वर डेकवर अशा खणात ठेवा ज्याचं भोक समुद्राकडे उघडतं.